कुटुंबाच्या पानावर चिसोमो

शामला कापेलहून दीड तास गाडी चालवत आली आणि दारातच म्हणाली, "मटण झालं असेल तर आधी जेवू. उपाशीपोटी मला भांडता येत नाही."

"भांडण नाही, बैठक आहे," प्रसन्न म्हणाला.

"आपल्या घरात दोन्हीला तीच माणसं आणि त्याच खुर्च्या असतात, दादा."

सुहासिनीबाईंनी रश्शावरचं झाकण बाजूला केलं आणि कोण कुठे बसतंय ते ओट्यापाशी उभ्या राहून पाहिलं. चाळीस वर्षं चर्चच्या पाळकाची बायको म्हणून काढल्यावर माणसाला एवढं येतंच. मंडळीच्या सभेत कोण कोणाच्या बाकावर बसलं यावरून ठराव पास होणार की नाही, हे प्रार्थना सुरू व्हायच्या आधी त्यांना कळायचं. आज शामला वडिलांच्या, मनोहररावांच्या शेजारी बसली, म्हणजे ती पप्पांच्या बाजूने. प्रसन्न टेबलाच्या टोकाला लॅपटॉप घेऊन, म्हणजे तो कोणाच्याच बाजूने नाही. मंजूषा उभीच होती. सून उभी राहिली की तिचं मत ठरलेलं असतं आणि ते ऐकायला सगळे बसायची ती वाट पाहते, हे सुहासिनीबाईंना एकोणीस वर्षांत पाठ झालं होतं. नात सुरुची जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर फोन हातात न घेता बसली होती, आणि सोळाव्या वर्षी हे चांगलं लक्षण नाही.

खुद्द सुहासिनीबाईंसाठी नवऱ्यासमोरची खुर्ची मोकळी ठेवली होती. आरोपीची जागा असते तशी.

पत्र गुरुवारी आलं होतं. मलावीतून, झोंबाच्या पलीकडच्या त्या खेड्यातल्या अनाथाश्रमाच्या मेट्रन मिसेस फिरी यांचं. जुलैत सगळे तिकडे जाऊन आले होते. दर दोन वर्षांनी नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या मराठी मंडळीतर्फे या कुटुंबाने जायचं, दहा दिवस राहायचं, मुलांना भेटायचं, परत येऊन फोटो दाखवायचे, अशी पद्धत होती. उद्याच्या रविवारी फोटो दाखवायचे होते. पत्रात चार ओळी होत्या. चिसोमोच्या मावशीने गावच्या वडीलधाऱ्यांना विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. तिचे कागद गोळा केले आहेत. चिसोमोने वर्गातली पुढच्या बाकावरची जागा मैत्रिणीला देऊन टाकली आहे. आजी तिला न्यायला कधी येणार, ती तारीख कळवावी.

जेवण होईपर्यंत कोणी तो विषय काढला नाही. शामलाने रश्शात मीठ कमी आहे म्हटलं, मनोहररावांनी बरोबर आहे म्हटलं. ताटं उचलल्यावर प्रसन्नने घसा साफ केला.

"मी उत्तराचा मसुदा केलाय. ऐका. 'तुमचं पत्र मिळालं, आनंद झाला. इथल्या कायदेशीर बाबींची आम्ही माहिती घेत आहोत. प्रक्रिया किचकट आहे, वेळ लागू शकतो. चिसोमोसाठी प्रार्थना करत आहोत.'"

"किती वेळ?" मंजूषाने विचारलं.

"लागू शकतो म्हटलंय."

"म्हणजे किती?"

"अगं, म्हणजे हळूहळू त्यांच्याच लक्षात येईल."

"ऑफिसात ज्याचं कंत्राट रद्द करायचंय त्या व्हेंडरला तू असंच लिहितोस. तो सहा महिने हेलपाटे घालतो. इथे नऊ वर्षांची मुलगी घालेल."

प्रसन्न चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायचा. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक त्याला चालत नसे. माणसांच्या बाबतीत मात्र तो सढळ हाताने सूट द्यायचा, विशेषतः स्वतःला. त्याने लॅपटॉप अर्धा मिटला.

"प्रश्न उत्तराचा नाहीच," मनोहरराव म्हणाले. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. "नाव लिहिलं गेलंय. कुटुंबाच्या पवित्र शास्त्रात, कुटुंबाच्या पानावर. शब्द दिलाय तर आणू तिला. माझ्या आजोबांचं नाव असंच लिहिलं होतं ना कोणीतरी? सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छप्पनच्या दुष्काळात आईबापाविना रस्त्यावर सापडलेलं पाच वर्षांचं पोर. मिशनने उचललं नसतं, तर आज या टेबलाभोवती कोण बसलं असतं?"

ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. सुरुचीलाही, डचमध्ये. शाळेतल्या प्रकल्पात तिने ती सांगून दहापैकी नऊ गुण मिळवले होते.

"पप्पा बरोबर बोलतायत," शामला म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

"आणि ती राहणार कुठे?" मंजूषा शांतपणे म्हणाली.

"इथे. वरची खोली रिकामीच असते."

"वरच्या खोलीत माझं होम ऑफिस आहे, शामलाताई. बरं, ते हलवते. पण खेमेंटेत, नगरपालिकेत नोंदवायचं काय म्हणून? दत्तक? बाहेरच्या देशातून मूल दत्तक आणणं इथे आता बंदच करत आणलंय. आणि तिला मावशी आहे. सख्खी, धडधाकट मावशी. दर शनिवारी दोन तास चालत भेटायला येते, उकडलेल्या शेंगा घेऊन. तिला अनाथ कोण म्हणेल?"

"अनाथाश्रमात आहे म्हणजे…"

"अनाथाश्रमात शाळा आहे, दोन वेळचं जेवण आहे, म्हणून आहे. त्या शनिवारी तुम्ही बघितलं नाहीत. चाळीसातल्या तीसेक मुलांना कोणी ना कोणी भेटायला आलं होतं. तुम्ही वहाणा घेत होतात बाजारात."

शामलाने खुर्ची जराशी वडिलांपासून लांब सरकवली. उन्ह डोळ्यावर येतंय म्हणून, असं तिने दाखवलं. सुहासिनीबाईंनी मनात नोंद केली: एक मत गेलं.

"तू घेशील का कापेलला?" प्रसन्नने बहिणीला विचारलं. तोही नोंदी ठेवत होता म्हणायचा.

"माझ्या दोन खोल्या. आणि मी सकाळी सातला निघते. बोलायचं म्हणून बोलू नकोस."

जिन्यावरून सुरुची म्हणाली, "आय ट्रान्सलेटेड इट."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुरुचीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती बहुतेक इंग्रजीत द्यायची आणि अगदी अडलं तरच मराठीत. आता ती मराठीत बोलायला लागली, म्हणजे अगदीच अडलं होतं. "मिसेस फिरीने विचारलं, व्हॉट पेज इज दॅट. मी म्हटलं, फॅमिली पेज. खरं होतं ना? मग आजी म्हणाली, आता ही आमचीच. मी तेच सांगितलं. मी काय चूक केली?"

"तू काहीच नाही केलीस," सुहासिनीबाई म्हणाल्या. तासाभरात त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "तू बरोबर सांगितलंस. गडबड माझी."

गडबड अशी झाली होती. स्वागताचं गाणं त्या दिवशी मुलांना तीनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा प्रसन्नच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि दुसऱ्यांदा मध्ये शेळी आली. तिसऱ्यांदा एक मुलगी रांगेतून निघाली आणि पायरीवर बसून फ्रॉकची उसवलेली शिवण घालत असलेल्या सुहासिनीबाईंपाशी आली. काही न बोलता तिने त्यांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवून दिला आणि शेजारी बसली. पुढचे आठ दिवस ती तिथेच बसायची आणि त्यांच्या चष्म्याला न दिसणाऱ्या सगळ्या सुया ओवायची. निघायच्या आदल्या शनिवारी मावशी आली. सुहासिनीबाईंनी रीतीप्रमाणे मुलीचं नाव विचारलं, रोज प्रार्थनेत घ्यायला. नाव विचारलं की लिहायचं, ही त्यांची जुनी सवय. पवित्र शास्त्राच्या शेवटी एका कोऱ्या पानावर अशी शेदोनशे नावं होती: आजारी, परीक्षेला बसलेले, व्हिसासाठी अडलेले. ते पान भरलं होतं. म्हणून त्यांनी पुढचं पान उलटलं. तिथे घराण्यातले जन्म, बाप्तिस्मे आणि लग्नं लिहिलेली होती आणि सुरुचीच्या नावाखाली तीन ओळी मोकळ्या होत्या. सरळ विचार होता. जागा होती, लिहिलं.

मावशीने ते पुस्तक मागून घेतलं. बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून ती उभी राहिली आणि मग रडली. सुहासिनीबाईंना वाटलं, प्रार्थनेने गहिवरली. तेव्हा त्यांनी तिचा हात धरून ते वाक्य म्हटलं.

"पण तू तसं म्हणाली नव्हतीस ना, आई?" प्रसन्न म्हणाला. "म्हणजे, न्यायच्या अर्थाने. आपल्याकडे कोणीही कोणालाही म्हणतं. या आता, घर तुमचंच आहे. म्हणून कोणी सामान घेऊन येतं का?"

ही पळवाट होती आणि चांगली रुंद होती. सुहासिनीबाईंना ती दिसली. सगळं घर त्यांनी तिच्यातून बाहेर पडायची वाट पाहत होतं. मनोहररावसुद्धा.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "त्या घटकेला न्यायच्याच अर्थाने म्हणाले होते. मला खरंच वाटत होतं की उचलावं आणि न्यावं. मग गाडीत बसलो तेव्हा जरा कमी वाटलं. लिलाँग्वेच्या विमानतळावर आणखी कमी. स्किपोलला तुमच्या बॅगा मोजत होते तेव्हा आठवणही नव्हती. गुरुवारी पत्र आलं तेव्हा मी आधी काय म्हणाले, मंजूषा?"

मंजूषाने सासूकडे पाहिलं. सांगावं की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"सांग ना. इथे सगळे घरचेच आहेत."

"म्हणालात, चिसोमो म्हणजे कुठली गं?"

बाहेर शेजारचा डच म्हातारा कुंपण कापत होता, त्याची मशीन थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"म्हणून म्हणतो आणू," मनोहरराव जरा खालच्या आवाजात म्हणाले. "चूक झाली असेल, पण देव चुकीतूनही मार्ग काढतो. माझ्या आजोबांना कोणी विचारलं होतं का? अनाथ पोर…"

"ते अनाथ नव्हते."

रश्शात मीठ कमी नव्हतं असं म्हणावं, तशा आवाजात सुहासिनीबाईंनी हे म्हटलं. मनोहररावांना ते कळायला एक क्षण गेला.

"तुमच्या आईंनी मला सांगितलं होतं, नगरला असताना, त्या अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा. पाऊस झाल्यावर आजोबांची आई आली होती मिशनच्या फाटकाशी. पायीच आली होती. मुलाला परत मागत होती. तिला पायलीभर धान्य दिलं आणि सांगितलं, की त्याचं नाव आता वहीत लिहिलं गेलंय. नाव बदललंय, देणगीदारांना तसं पत्र गेलंय, आता ते पोर मिशनचं. ती गेली. पुढे दर नाताळात फाटकाबाहेर येऊन उभी राहायची, पोरांची रांग चर्चला जाताना बघायला. आजोबांना माहीत होतं. मोठे झाल्यावरही त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आपल्या सुनेला तेवढं सांगितलं."

मनोहररावांनी चष्मा काढला, पुसला नाही, हातातच धरून ठेवला. "पंचेचाळीस वर्षं तुला ठाऊक आहे हे?"

"बेचाळीस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ते व्यासपीठावरून इतकं छान सांगायचात," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यात टोमणा होता, पण तो थोडा स्वतःलाही होता. त्याही इतकी वर्षं पहिल्या बाकावर बसून मान डोलावत आल्या होत्या.

शामलाने वडिलांच्या हातातून चष्मा घेतला, ओढणीने पुसला आणि परत दिला. ती पुन्हा त्यांच्या बाजूने झाली होती, पण आता ती बाजू ठरावाची नव्हती. मनोहररावांनी पाण्याचा जग टेबलाच्या मध्यावर सरकवला.

"फाटकाशी आलेल्या त्या बाईला," ते शेवटी म्हणाले, "कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. तोंडावर."

"तेच म्हणतेय मी," सुहासिनीबाई उठल्या. "आज शनिवार आहे. मावशी आता तिथेच असेल. सुरुची, मिसेस फिरींना लाव."

"आई, आधी काय बोलायचं ते ठरवू," प्रसन्न म्हणाला. "मी दोन मुद्दे लिहून देतो."

"तुझे मुद्दे तुझ्या यंत्राला दे."

सुरुचीने फोन जगला टेकवून उभा केला. दोनदा लागला नाही. तिसऱ्या वेळी मिसेस फिरींचं कपाळ दिसलं, मग चेहरा, मग मागचं अंगण आणि सावलीत बसलेल्या बायका. आजीचा चेहरा पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी ताबडतोब हाक मारली आणि मावशी आली. डोक्याला निळं फडकं, हातावर पीठ. तिने आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली, एकेकाची, नाव घेऊन. तिला सगळी नावं लक्षात होती. सुहासिनीबाईंनी हे मनात टिपून ठेवलं, आणि तिचं नाव एस्नात आहे हे आपल्याला मिसेस फिरींनी आत्ता हाक मारली तेव्हा आठवलं, हेही.

"सांग तिला," त्या सुरुचीला म्हणाल्या, "मी चिसोमोला न्यायला येणार नाही."

सुरुचीने श्वास घेतला. "माय ग्रँडमदर इज व्हेरी सॉरी, बट द रूल्स इन द नेदरलँड्स…"

"सुरुची."

"काय?"

"मला इंग्रजी कळतं. मी नियम म्हणाले का?"

सुरुचीने आईकडे पाहिलं. मंजूषाने मान हलवली, आजी म्हणते तेवढंच.

मग सुहासिनीबाई एकेक वाक्य बोलत गेल्या, नात इंग्रजीत सांगत गेली आणि मिसेस फिरी पुढे. मी येणार नाही. कोणी अडवलं म्हणून नाही. मी ते मनापासून म्हणाले होते, पण ते मन घरी येईपर्यंत टिकलं नाही. पान चुकीचं होतं. तुझ्या मुलीचं नाव माझ्या पुस्तकात लिहायच्या आधी मी तुला विचारायला हवं होतं. तुला गावात सगळ्यांना सांगावं लागलं असेल. त्याची लाज माझी आहे, तुझी नाही.

तीन भाषांतून जाताना वाक्यं लहान होत गेली असावीत, कारण मिसेस फिरी शेवटी फारच थोडकं बोलल्या. मावशीने हातावरचं पीठ झाडलं. ती रागावली आहे की नाही, ते कळत नव्हतं. मग ती काहीतरी म्हणाली आणि मिसेस फिरींनी ते सांगताना आजीकडे न पाहता सुरुचीकडे पाहिलं.

"ती म्हणते, तिने होकार दिला तेव्हापासून ती झोपलेली नाही. मोठ्या माणसांनी मागितलं, नाही कसं म्हणायचं, म्हणून दिला. आता ती झोपेल. पण मुलीला ती सांगणार नाही. मुलीला ज्याने म्हटलं, त्याने सांगावं."

"बोलवा तिला," सुहासिनीबाई म्हणाल्या.

त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. मंजूषा इतका वेळ उभीच होती, ती आता सासूशेजारच्या खुर्चीत बसली.

चिसोमो धावत आली नाही. ती चालत आली, शाळेचे बूट घालून, शनिवार असून. कोणीतरी तिला वाटेत थोडं सांगितलं असावं, किंवा मोठ्यांचे चेहरे तिला वाचता येत असावेत. आश्रमात वाढणाऱ्या मुलांना ते लवकर येतं. तिने हात हलवला नाही. सुहासिनीबाईंनी तेच पुन्हा सांगितलं, आणखी लहान वाक्यांत. मी तुला न्यायला येणार नाही. तू काही चुकली नाहीस. मी चुकले.

मुलीने ऐकून घेतलं. मग एक प्रश्न विचारला.

"ती विचारते," सुरुची म्हणाली आणि थांबली. तिने ते मराठीतच सांगितलं. "ती विचारते, बॅग रिकामी करू का?"

पत्रात नसलेल्या या बॅगेची कल्पना टेबलाभोवती कोणालाच नव्हती. प्रसन्नने लॅपटॉप पूर्ण मिटला.

"हो," त्या म्हणाल्या. "कर, बाळा."

चिसोमो आत गेली आणि चौकड्यांची एक पिशवी घेऊन आली. ती मावशीसमोर सतरंजीवर बसली. मिसेस फिरींच्या हातातला फोन तसाच होता. कदाचित त्यांना वाटलं, पलीकडचे बंद करतील. पलीकडून कोणी बंद केला नाही. फ्रॉक निघाले, दोन. स्वेटर निघाला, कोणाचातरी जुना, थंड देशासाठी मागून आणलेला. तो मावशीने उचलला, उन्हात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला, परत द्यायचा म्हणून. वही. साबण. स्टीलची नाही, पत्र्याची ताटली. एकेक वस्तू काढून मुलगी मावशीच्या हातात देत होती आणि मावशी ती नीट रचत होती, घाई न करता.

"आई, ठेवू या का आता?" प्रसन्न हलकेच म्हणाला.

"नाही. बघ."

पिशवी रिकामी झाली. मुलीने ती उलटी करून झटकली. मग मावशीच्या कानाशी लागून तिने काहीतरी म्हटलं. मावशीने तिच्या पाठीत एक चापट मारली आणि दोघी हसल्या. एकदम मोठ्याने, अंगणातल्या बाकीच्या बायकांनी वळून पाहावं इतक्या.

सुरुची फोनवर वाकली. "मिसेस फिरी, व्हॉट डिड शी से?"

मिसेस फिरींनी दोघींकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या, की ते त्यांचं त्यांच्यात आहे.

"बरोबर आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ठेव आता."